कोरड्या खानदेशातला ओलसर कोपरा

‘रोज दोन वेळा स्प्रे मारा, बाकी काही नाही.’ बॉल पायथन किंवा लेपर्ड गेको विकणारा गिऱ्हाइकाच्या हातात डबा देताना एवढंच सांगतो. मुंबईत हा सल्ला बऱ्यापैकी निभावतो, कारण तिथली हवाच ओली. जळगाव-धुळ्यात मात्र तो एप्रिलमध्येही फसतो आणि ऑगस्टमध्येही. एप्रिलच्या दुपारी काचेवर मारलेले थेंब आपण बाटली जागेवर ठेवेपर्यंत आटायला लागतात. ऑगस्टमध्ये तेच दोन फवारे रोज मारत राहिलं, की टँकच्या तळाचा चिखल होतो आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते. घर तेच, टँक तोच, सापही तोच. मध्ये गेलेले असतात फक्त चार महिने.

खानदेशात सरपटणारा प्राणी किंवा बेडूक पाळायचा तर लक्ष स्प्रेच्या बाटलीवरून काढून टँकच्या तळातल्या मातीवर न्यावं लागतं. इथे हवा ओली ठेवण्याच्या मागे लागू नये, जमीन ओली ठेवावी. असं का, ते समजून घेण्यासाठी थोडा हवेचा आणि थोडा सातपुड्याचा हिशेब मांडावा लागेल.

त्याआधी कायद्याचं, थोडक्यात. आपल्या रानातलं कासव, घोरपड, अजगर, सरडगुहिरा, धामण हे घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. ‘शेतात सापडलं, दोन दिवस पोरांना दाखवतो आणि सोडतो’ ही सबब चालत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव ‘लकी’ म्हणून चोरून विकलं जातं, ते तर पहिल्या अनुसूचीत आहे. परदेशी प्राण्यांचं वेगळं. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारातल्या प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्या बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, आफ्रिकेचं सुलकाटा कासव हे सगळे त्यात येतात. कागद नसेल तर प्राणी घेऊच नये. पुढचं सगळं कागद असलेल्यांसाठी.

आता हवा. हवामान खात्याच्या बातमीत ‘सापेक्ष आर्द्रता १५ टक्के’ असं येतं, त्यातला ‘सापेक्ष’ हा शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती पोटात घेऊ शकते. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. ४२ अंशांना ती क्षमता ५६ ग्रॅमच्या आसपास जाते. मे महिन्यातल्या दुपारी जळगावात पारा ४२ वर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर त्या हवेत प्रत्यक्षात आठ-साडेआठ ग्रॅम पाणी असतं. हीच हवा एसीने २६ अंशांवर आणली, पाणी घातलंही नाही आणि काढलंही नाही, तरी आर्द्रतेचा आकडा ३५ च्या आसपास दिसेल. म्हणजे तापमान न सांगता नुसता टक्का सांगणं अर्धवट आहे. परदेशी माहितीपत्रकांत ‘साठ टक्के ठेवा’ असं लिहिलेलं असतं, ते पंचवीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेलं असतं.

प्राण्याच्या कातडीला टक्का कळत नाही, ओढ कळते. हवा पूर्ण भरायला वाफेची जेवढी तूट, तेवढ्या जोराने ती समोर येईल त्या ओल्या वस्तूतून पाणी ओढते. २५ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेची ओढ आणि ४२ अंश, १५ टक्क्यांच्या हवेची ओढ यांचं गणित मांडलं तर दुसरी साधारण सातपट भरते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे गणित मांडून दाखवायची गरज नाही. बागेच्या पश्चिमेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ का लावतात, कडेने हिरवी नेट का ओढतात, ते त्याला माहीत आहे. ठिबकने मुळाशी पाणी पोचत असलं तरी गरम वारा पानातून ते मुळांच्या ताकदीपेक्षा वेगाने ओढून नेतो आणि पान फाटतं, करपतं. तो आभाळाची आर्द्रता वाढवायला जात नाही. वारा अडवतो, जमीन ओली ठेवतो, पाचटाने झाकतो. टँकमध्येही करायचं ते एवढंच.

गंमत अशी, की हिवाळ्यातही टँकमध्ये मे महिना अवतरू शकतो. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. साप गारठेल म्हणून मालक टँकवर बल्ब लावतो. बाहेरची हवा १० अंश आणि ६० टक्के असेल तर तिच्यात साडेपाच ग्रॅमच पाणी असतं. बल्बखाली ती ३० अंशांवर गेली, की आर्द्रता अठरा टक्क्यांच्या आसपास कोसळते. अंगावर स्वेटर असल्याने माणसाला याची शंकाही येत नाही. कात अडकल्याच्या तक्रारी उन्हाळ्याइतक्याच डिसेंबर-जानेवारीतही येतात त्या यामुळे. अशा वेळी प्रखर बल्बऐवजी कमी ताकदीची हीट मॅट, तीही थर्मोस्टॅटवर, बरी. ती हवेपेक्षा पृष्ठभाग तापवते.

मग प्रश्न असा, की इतकी कोरडी हवा असताना इथले रानातले प्राणी जगतात कसे? पाळीव दुनियेत सर्वाधिक घरांत पोचलेली पाल म्हणजे लेपर्ड गेको. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ प्रदेशातली. तिची सख्खी चुलत बहीण आपल्या सातपुड्यात आहे. युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या नावाने २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. अंगावर पट्टे आणि ठिपके, जाड शेपटी, आणि भिंतीवरच्या पालीला नसतात त्या उघडझाप करणाऱ्या पापण्या. विष अजिबात नाही. सातपुड्यातला मे महिना काही ओलसर नसतो. पण ही पाल त्या मे महिन्यात राहतच नाही. दिवसभर ती दगडाखाली, कपारीत, बिळात असते आणि रात्री हवा निवल्यावर बाहेर पडते.

बिळातली हवा किती ओली असते, याचं उत्तर ऐकून शेती करणारेही चकित होतात. पीक मान टाकून कायमचं कोमेजतं, जमिनीतून एक थेंबही मुळांना उचलता येत नाही, त्या टप्प्याला मृदाशास्त्रात कायम कोमेजण बिंदू म्हणतात. त्या बिंदूवरही मातीच्या कणांमधल्या पोकळीतल्या हवेची आर्द्रता जवळजवळ ९९ टक्के असते. वरची दोन-चार बोटं माती भाजून निघालेली असते हे खरं, पण खाली गेलं की वनस्पतीच्या दृष्टीने ठार कोरड्या मातीतही वाफ भरलेली असते. बेडूक आठ-नऊ महिने जमिनीत काढतात आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरीला बांधावर हजर होतात ते या जोरावर. रानबेडकाचे नर त्या रात्री पिवळेधमक होऊन डबक्यात ओरडत असतात, तेव्हा ‘आभाळातून पडले’ असं म्हणणारे अजूनही भेटतात.

याचा अर्थ, वाळवंटी म्हटला जाणारा प्राणीसुद्धा चोवीस तास कोरड्यात राहत नाही. त्याच्याकडे ओल्याची सोय असते आणि तो गरजेप्रमाणे आतबाहेर करतो. काचेच्या टँकमध्ये, प्लास्टिकच्या गालिच्यावर, एका प्लास्टिकच्या गुहेसह ठेवलेल्या गेकोकडून आपण ही निवडच काढून घेतलेली असते. त्यानंतर कितीही फवारे मारले तरी ती भरून निघत नाही.

निवड नसली की काय होतं ते पायांच्या बोटांवर आधी दिसतं. गेको कात टाकते तेव्हा अंग फिकट पांढरट होतं, मग ती जुनी कातडी तोंडाने ओढून काढते आणि गिळून टाकते. हवा कोरडी असेल तर बोटांच्या टोकाशी कातीचा बारीक वेढा राहून जातो. तो वाळतो, आवळतो, बोटाचा रक्तपुरवठा तोडतो आणि दोन-तीन कातींनंतर बोट झडतं. बोटं कमी असलेली गेको पाहिली की कुणी चावलं असेल असं वाटतं. बहुतेकदा कारण हे असतं. सापाचं वेगळं. त्याला पापण्या नाहीत, डोळ्यावर पारदर्शक टोपी असते आणि ती कातीबरोबर निघायला हवी. निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, उलटी होऊन निघते. ती तुकड्या-तुकड्यांत निघाली तर तुकडे फेकू नका. डोक्याचा भाग शोधून उजेडात धरा आणि डोळ्यांच्या दोन्ही टोप्या त्यात आहेत का पाहा. नसतील तर त्या सापाच्या डोळ्यावरच आहेत. त्या नखाने किंवा चिमट्याने ओढायच्या नाहीत, खालचा डोळा जखमी होतो. कोमट ओल्या फडक्याच्या पिशवीत साप अर्धा-पाऊण तास ठेवला की बरीच कात सुटते. डोळ्याची टोपी राहिलीच तर पशुवैद्य.

कासवांच्या बाबतीत तर आर्द्रतेने एक जुना समज मोडला. पाळलेल्या जमिनीवरच्या कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. याचा ठपका वर्षानुवर्षं खाण्यातल्या प्रथिनांवर ठेवला गेला. व्हिएन्नात वीस्नर आणि इबेन यांनी सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर प्रयोग केला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवलेली पिल्लं त्यांनी ताडून पाहिली, तेव्हा प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. कोरड्या हवेत वाढलेल्यांचे उंचवटे मोठे होते. सुलकाटा हे सहाराच्या कडेचं कासव, त्याला कोरडंच लागतं, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. सुलकाटाही खोल बिळं खणतं.

बेडकाचा तर कारभारच कातडीवर चालतो. तो तोंडाने पाणी पीत नाही; पोटाच्या मागच्या बाजूच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषतो, श्वासाचा मोठा वाटाही कातडीतून घेतो. ती ओली राहिली तरच हे जमतं. आणि जी कातडी पाणी आत घेते ती पाणी बाहेरही तितक्याच सहज जाऊ देते. टिश्यूकल्चरच्या केळीशी इथे तुलना करावीशी वाटते, कारण जळगाव जिल्ह्यात ही रोपं सगळ्यांच्या परिचयाची. प्रयोगशाळेतल्या बाटलीत जवळजवळ शंभर टक्के आर्द्रतेत वाढलेल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, पर्णरंध्रं वेळेवर मिटत नाहीत. थेट शेतात नेलं तर ते तासाभरात मान टाकतं. म्हणून आधी दमट बोगद्यात, मग शेडनेटखाली, असं काही आठवडे हार्डनिंग करतात. बेडूक हा जन्मभर त्या बाटलीतून नुकत्याच काढलेल्या रोपाच्या अवस्थेत असतो. फरक एवढा, की त्याचं हार्डनिंग होत नाही. ‘हळूहळू सवय होईल त्याला’ हे वाक्य बेडकाच्या बाबतीत उच्चारूच नये.

आता आपल्या घरात येऊ. खानदेशी घरातलं सगळ्यात मोठं आर्द्रतायंत्र टँकमध्ये नसतं, खिडकीत असतं. बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २२ अंशांच्या आसपास दाखवतो. ही वीस अंशांची तफावत म्हणजे कुलरच्या कमाईची कमाल मर्यादा. चांगल्या ताट्या असलेला कुलर त्या हवेला २७-२८ अंशांवर आणतो आणि त्याच वेळी तिची आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर नेतो. म्हणजे बॉल पायथनला जे हवं असतं, जवळपास तेच. खानदेशातल्या पाळणाऱ्याने महागडा फॉगर घेण्याआधी आपल्या कुलरकडे पाहावं, असं माझं मत आहे. जुलैत हवा ३२ अंश आणि ७५ टक्के झाली की तीच तफावत चारेक अंशांची उरते. तेव्हा कुलर गार करत नाही, नुसता चिकटपणा वाढवतो. हा अनुभव कुणाला नाही?

कुलरच्या मात्र दोन खोडी आहेत. एक म्हणजे झोत. टँक थेट झोतात ठेवला तर हवा ओली असूनही वाऱ्यामुळे माती आणि प्राणी दोन्ही वेगाने वाळतात. खोली गार व्हावी, टँकवर वारा येऊ नये, अशी जागा शोधावी. दुसरी म्हणजे वीज. दुपारी दीडला वीज गेली की पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत अर्ध्या तासात तापमान आणि आर्द्रता दोन्ही उलट्या दिशेने पळतात. हा झटका सोसायला हवेत साठवलेली ओल उपयोगी पडत नाही, ती दार उघडलं की गेली. तळाच्या मातीत साठवलेली ओल उपयोगी पडते.

तेव्हा तळ. रोपवाटिकेत कोकोपीटची पाच किलोची वीट मिळते. खत मिसळलेली नको, साधी, धुतलेली हवी. ती भिजवून, पिळून, चार बोटं जाडीचा थर द्यावा. बिळात राहणाऱ्या बेडकाला आणखी जाड. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि पाणी ठिबकू नये, एवढी ओल. मग पाणी घालायचं ते वरून शिंपडून नाही. एका कोपऱ्यात प्लास्टिकची नळी तळापर्यंत उभी रोवून तिच्यातून पाणी सोडायचं. खालचा थर ओला होतो, वरचा कोरडाच राहतो, आणि खालून दिवसभर सावकाश वाफ वर येत राहते. वर साप कोरड्यावर लोळतो, पोटाला ओल लागत नाही. शेतातली काळी माती आणू नये. पाणी धरते खरी, पण ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते, आणि कपाशीच्या रानातली असेल तर कीटकनाशकं घेऊनच येते.

लपायला दोन जागा हव्यात, एक कोरडी आणि एक ओली. ओलीसाठी बाजारातल्या रंगीत गुहेपेक्षा फुटक्या माठाचा खापराचा तुकडा किंवा आडवी अर्धी पुरलेली मातीची कुंडी सरस. न रंगवलेली भाजकी माती पाणी पिऊन घेते आणि तासन्‌तास सोडत राहते. तिच्याखाली ओलं मॉस किंवा ओलं कोकोपीट ठेवलं की आत ७०-८० टक्के सहज राहतात, बाहेर टँकमध्ये ३५ असले तरी. लेपर्ड गेकोला एवढं पुरतं. कात टाकायच्या आधी ती आपण होऊन त्यात जाऊन बसते, सांगावं लागत नाही.

वरची जाळी हा काचेच्या टँकचा गळका भाग. उन्हाळ्यात तिचा दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पट्टीने झाकावा. पूर्ण झाकला तर हवा कोंदते. काचेला आतून घाम आला म्हणजे भरपूर आर्द्रता आहे, असंही नाही. काच आतल्या हवेपेक्षा गार आहे एवढंच त्यावरून ठरतं. कुलरच्या खोलीत काच घामेजते आणि बल्बखाली दोन वीत अंतरावर २५ टक्के असू शकतात. फवाऱ्यासाठी बोअरचं पाणी वापरलं तर आठवड्यात काचेवर क्षाराचे पांढरे डाग आणि नोझल बंद. फवाऱ्याला आरओचं पाणी घ्यावं. बेडकाच्या पाणवठ्यात नळाचं पाणी घालायचं तर ते पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यावं.

मोजायचं कशाने? काट्याच्या गोल डायलवर विश्वास ठेवू नका. तारेला सेन्सर असलेला डिजिटल हायग्रोमीटर घ्या, आणि तोही तपासून घ्या. तपासणी स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, काही थेंब पाणी घालून ओला लगदा करायचा. मीठ विरघळून जाता कामा नये, तळाशी खडे राहायला हवेत. ते बूच आणि सेन्सर हवाबंद पिशवीत किंवा डब्यात घालून रात्रभर ठेवायचं. मिठाचं संपृक्त द्रावण बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, खोलीच्या नेहमीच्या तापमानात यात फारसा फरक पडत नाही. सकाळी आकडा ६८ दिसला तर तुमचं यंत्र सात टक्के कमी दाखवतं, तेवढे मनात मिळवायचे. सेन्सर काचेवर वर चिकटवू नये. प्राणी जिथे असतो त्या उंचीवर, एकदा गरम बाजूला आणि एकदा ओल्या खापराच्या आत, असे दोन आकडे घ्यावेत. त्या दोहोंत फरक दिसला पाहिजे. सगळीकडे एकच आकडा आला तर टँक चुकलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात आधी तापमान, मग आर्द्रता. क्रम उलटा झाला की प्राणी मरतो. बेडूक अंगावरून पाणी उडवून स्वतःला गार ठेवतो. खोली ३८ अंश असताना टँक झाकून आत ९० टक्के आर्द्रता केली, तर उडायला जागाच राहत नाही आणि तो त्या दमट भट्टीत शिजतो. मालकाला मात्र हायग्रोमीटरचा आकडा बघून समाधान असतं. सर्पमित्रांनी पकडलेला साप प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घालून मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवणं हा याच प्रकारातला धोका. सुती पिशवी, सावली आणि वन विभागाला लगेच कळवणं, हे बरणीपेक्षा कितीतरी बरं. घरातल्या टँकसाठी मेच्या दुपारी सगळ्यात गार जागा म्हणजे तळमजल्यावरची आतली खोली, भिंतीलगत, जमिनीवर. छताजवळच्या कपाटावर ठेवलेला टँक आणि जमिनीवरचा टँक यांच्यात पत्र्याच्या घरात सहज काही अंशांचा फरक पडतो.

जूनमध्ये पाऊस बसला की हे सगळं उलटं करायचं. धुळ्यात वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, जळगावात सातशेच्या आसपास, म्हणजे पाऊस कोकणासारखा नाही. पण ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ऐंशीच्या वर जाते आणि मधल्या ढगाळ आठवड्यांत टँक वाळतच नाही. जाळीवरची पट्टी काढायची, नळीतून पाणी बंद, कोकोपीट हलवून मोकळं करायचं, वरचा थर बदलायचा. ओल्यावर सतत पडून राहिलेल्या सापाच्या पोटावरचे खवले आधी तपकिरी-लालसर होतात, मग फोड येतात. तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून फेस, घरघर ही फुप्फुसाच्या संसर्गाची खूण. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातल्या बिअर्डेड ड्रॅगनला खानदेशातला उन्हाळा तापमान आवरलं तर मानवतो, पावसाळा जास्त जड जातो. पाण्यातल्या रेड-इअर्ड स्लायडर कासवाला तर अंग कडकडीत वाळवायला कोरडी फळी आणि ऊन लागतंच. प्लास्टिकच्या टबात बारा महिने भिजत ठेवलेल्यांची पाठ सडते. आणि पावसाळ्यात डासांसाठी खोलीत जे काही लावता किंवा फवारता, ते बेडकाच्या खोलीत नको. पाणी ज्या कातडीतून आत जातं, त्याच कातडीतून तेही जातं.

काही प्राणी इथे आणूच नयेत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. ॲक्सोलॉटल या पाण्यातल्या उभयचराला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. जळगावात टाकीतलं पाणी मे महिन्यात त्याच्या दुपटीकडे जातं, चिलर आणि वीज चोवीस तास असेल तरच विचार करावा. क्रेस्टेड गेको अठ्ठावीस अंशांच्या वर त्रासते. वर्षावनातले झाडबेडूक हा तर इथे पैसेवाल्या माणसाचाही पराभव करणारा छंद आहे. बॉल पायथन, लेपर्ड गेको, आणि जमिनीत गाडून बसणारा दक्षिण अमेरिकेचा पॅकमॅन बेडूक यांना मात्र बिळाची सवय असल्याने खोल ओला तळ किंवा ओलं खापर दिलं तर खानदेश सोसतो.

राहता राहिली लग्नसराई. एप्रिल-मेमध्ये घराला कुलूप लावून चार दिवस गावाला जाणं कुणाला चुकत नाही, आणि घराची किल्ली शेजाऱ्यांकडे जाते. त्यांना ‘स्प्रे मारा’ असं सांगू नका. प्रत्येकाच्या हाताला फवाऱ्याचा वेगळा अंदाज असतो, आणि झाकण उघडं राहण्याची भीती निराळीच. नळीजवळ अर्ध्या पेल्याची खूण केलेला ग्लास ठेवा, दिवसाआड एवढंच पाणी नळीत सोडायला सांगा, पाण्याची वाटी रोज भरायला सांगा. थर्मामीटरच्या शेजारी काचेवर कागद चिकटवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : आकडा ३३ च्या वर गेला तर कुलर लावा आणि फोन करा. कुलरची टाकी कशाने भरायची, तेही लिहून ठेवा.